कल्पना कोणी दिली?

मुंबईहून परतल्यापासून मंडळातला जो कोणी भेटतो तो एकच विचारतो, "काय बाई, शिकून आलात का ते कल्पनेचं?" भाजीबाजारात विचारतात, दवाखान्यात विचारतात, परवा तर एका बारशात विचारलं. दर वेळी मी सांगायला लागते, दर वेळी माझा आवाज चढतो आणि ऐकणारा बिचारा घड्याळाकडे बघायला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. वाचताना आवाज चढलेला वाटला, तर तो चढलेलाच आहे.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी मिरजेत शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी विहीर आहे. आम्ही काही जणांनी ती उपसून स्वच्छ केली आणि पुन्हा तिचा उकिरडा होऊ नये म्हणून दर रविवारी जमायचं ठरवलं. तेच आमचं मंडळ. पहिल्या रविवारी उभं राहायला जागा नव्हती. पुढे पुढे मी, गुरवांचे अण्णा आणि एक भटकं कुत्रं एवढेच उरलो. तेव्हा मंडळातल्या कोणीतरी मोबाइलवर वाचलं की मुंबईच्या उपनगरांत एक संस्था लोकांना डोळे मिटून उद्याची वस्ती बघायला लावते, दिसलेलं चित्रात काढून घेते, आणि मग लोक आपणहून पर्यावरणाच्या कामाला लागतात. चित्रं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. धाकटी बहीण सुलभा मुलुंडला असते, म्हणजे उतरायची सोय होती. फेब्रुवारीत निघाले.

मुलुंड

पहिल्याच सकाळी चहा घेऊन सुलभाच्या गॅलरीत गेले. खाडीकडून कोवळं ऊन येत होतं. सवयीने ओला टॉवेल कठड्यावर टाकला, तर सुलभा धावतच आली आणि तिने तो ओढून घेतला.

"ताई, बाहेर काही वाळत घालायचं नसतं गं इथे. खाली बोर्ड लावलाय."

खाली जाऊन बघितलं, तर खरंच बोर्ड होता. इमारतीची शोभा राखा, कपडे, पापड वगैरे बाहेर वाळत घालू नका. त्याच्या शेजारी दुसरा बोर्ड: वीज वाचवा, पृथ्वी वाचवा. सुलभाच्या घरात विजेवर चालणारं यंत्र घरघर करत कपडे वाळवत होतं, आणि बाहेर इतकं ऊन फुकट चाललं होतं. सोसायटीला पर्यावरणाचं बक्षीस मिळालंय, असंही ती म्हणाली. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर कुरडया आणि सांडग्यांमधून पाय टाकायला जागा नसते, आणि त्याने आजवर कोणाच्या घराची शोभा गेलेली नाही. मी वर येऊन टॉवेल आत खुर्चीच्या पाठीवर टाकला. मला राग यायला सुरुवात झाली ती तिथून.

अंधेरी

संस्थेचं कार्यालय अंधेरीत, काचेच्या इमारतीत. आत इतकं गार की मी पिशवीतली शाल काढली. खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर गाद्या मांडल्या होत्या. गुडघे दुखणाऱ्या बाईने गादीवरून उठायचं कसं, ही कल्पना मात्र कोणाला सुचली नसावी. प्रशिक्षणाला आम्ही वीसेक जण होतो. शिकवायला तन्वी नावाची एक मुलगी, गोड, मनापासून बोलणारी. आणि संस्थेचे प्रमुख निनाद सर, ज्यांना सगळे नुसतं निनाद म्हणत होते. मला काही ते जमलं नाही.

"समस्यांबद्दल बोललं की माणूस थकतो," निनाद सर म्हणाले. "स्वप्नाबद्दल बोललं की उठतो."

हे मला पटलं, खोटं कशाला बोलू? विहिरीच्या कचऱ्याबद्दल बोलून बोलून आम्हीही लोकांना थकवलंच होतं.

मग तन्वीने दिवे मंद केले. "डोळे मिटा. तुम्ही वीस वर्षांनंतर जागे झालात. सगळं नीट झालेलं आहे. काय दिसतंय? काय ऐकू येतंय? वास कसला येतोय?" आदल्या रात्रीचा प्रवास, गार हवा, अंगावर शाल. मी वीस वर्षं पुढे जायच्या आतच झोपले. घोरलेही असणार, कारण डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तन्वी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही किती खोल गेला होतात!" मी मान हलवली.

या सगळ्यात एक पितळी घंटा होती, देव्हाऱ्यात असते तेवढी. कोणी तक्रारीच्या सुरात बोललं की तन्वी ती हळूच वाजवायची, मग त्या माणसाने थांबायचं आणि तेच वाक्य स्वप्नासारखं करून बोलायचं. म्हणजे "रस्त्यावर खड्डे आहेत" म्हटलं की घंटा. "माझा रस्ता गुळगुळीत आहे" म्हणायचं. पहिल्या दिवशी मला याची गंमत वाटली. शाळेत अशी घंटा असती तर मुख्याध्यापकांपुढे वाजवली असती, असं मी शेजारणीला म्हटलंसुद्धा.

जेवायला उसाच्या चिपाडाच्या वाटीत कसलीशी कच्ची पानं आणि त्यावर नाचणीचे चार दाणे होते. संध्याकाळी मुलुंडला येऊन मी सुलभाकडून पिठलं-भात करून घेतला.

विक्रोळी

पुढचे दोन दिवस तन्वी मला वस्त्यांमध्ये घेऊन हिंडली. विक्रोळीची चाळ मला बघायचीच होती, कारण तिथे आधी हा व्यायाम झाला होता आणि त्याचं फळ दिसतंय असं सांगत होते. दिसत होतं खरंच. सार्वजनिक जिन्याच्या प्रत्येक वळणावर रंगाचे रिकामे डबे आणि निळी पिंपं, त्यांत मेथी, मिरच्या, टोमॅटो, एका पिंपात तर कारल्याचा वेल थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेला. घरातला ओला कचरा त्याच पिंपांत जिरतो. आधी त्या जिन्यात लोक थुंकायचे, आता पायरीवर बसून भाजी निवडतात. कारखान्यांच्या चिमण्यांच्या बाजूला हे बघून मला बरं वाटलं, आमच्या विहिरीचं काहीतरी होईल असंही वाटलं.

तिथे प्रज्ञा वाघमारे भेटली. बँकेत नोकरी, चाळीशीची, वडील जालन्याकडून कारखान्यात कामाला आलेले. तिने मला आणि तन्वीला घरी नेऊन बाजरीची भाकरी आणि पिंपातल्या मेथीची भाजी वाढली. वर शेंगदाण्याचा ठेचा. मुंबईत आल्यापासून तोंडाला चव आली ती तेव्हा.

"हे सगळं त्या डोळे मिटण्याने झालं का गं?" मी विचारलं.

"झालं ना. मजा आली, लोक एकत्र बसले," ती म्हणाली. "पण खरं सांगू? त्या जिन्यावर दुसऱ्या कोणाचा डोळाच नव्हता. कोणाला हवा होता तो जिना?" मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "मला त्यात एकच खटकतं. आम्ही विहारात पण डोळे मिटून बसतो. पण तिथे सांगतात, जे आहे ते बघा. श्वास आहे तर श्वास, दुखतंय तर दुखणं. इथे सांगतात, जे नाहीये ते बघा. मी तन्वीला बोलले तसं."

"मग?"

"मग काय, घंटा वाजवली तिने."

दोघी हसलो. तन्वीपण लाजून हसली. मी ते हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी वर्सोव्याला गेले.

वर्सोवा

समुद्र मी पूर्वी सहलींमध्ये बघितलेला, मुलांची डोकी मोजत. असा निवांत पहिल्यांदाच बघत होते. खाडीच्या तोंडाशी होड्या, पलीकडे मढ, मध्ये माणसं आणि मोटरसायकली घेऊन जाणारी फेरीबोट. कोळीवाड्याच्या मागे, काठाला लागून वाळवणाची जागा. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. खाली जाळ्यांवर जवळा आणि मांदेली पसरलेली. वास जबरदस्त होता, पण आमच्या गूळ करणाऱ्या गुऱ्हाळाचाही वास काही कमी नसतो, आणि अर्ध्या तासात तो येईनासा होतो.

मंदाताईंची ओळख माझ्या फजितीतून झाली. ओल्या चिखलात चप्पल सरकली, आधाराला बांबू धरला आणि आख्खी दोरी बोंबलांसकट माझ्या डोक्यावर आली. बायका हसून हसून खाली बसल्या.

"बाईंना हार घातलान गो बोंबलांचा!" एक जण ओरडली.

मंदाताईंनी येऊन माझ्या गळ्यातून, केसांतून एकेक बोंबील काढला आणि परत दोरीवर अडकवला. एकही टाकला नाही. साठीच्या, काटक, नाकात मोठी चमकी. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. मासलीला काय लागलं नाय, तुला लागलं का ते बघ."

दुपारी समाजघरात व्यायाम झाला. मासळी विकून आलेल्या बायका दमलेल्या होत्या, तरी वीस-पंचवीस जणी बसल्या. तन्वीने डोळे मिटायला सांगितलं. सगळं नीट झालेला किनारा बघा म्हणाली. मंदाताईंनी एक डोळा उघडून सांगायला सुरुवात केली, "तो काला नाला हाय ना, त्याचं पानी थेट खाडीत येतंय, त्याच्यानं मासली..."

घंटा वाजली.

"मावशी, तक्रार नको. स्वप्न सांगा ना. ज्याची कमी आहे ते आता मिळालंय, असं बघा."

मंदाताईंनी घंटेकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "बरं. नाल्याचं पानी साफ झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. तीस वर्षं वर्गात काढली मी. बोलणाऱ्या पोराला गप्प करायच्या किती तऱ्हा असतात ते मला ठाऊक आहे, पण गप्प करून वर त्याला गोड स्वप्न म्हणायची तऱ्हा पहिल्यांदाच बघत होते.

नंतर कागद आणि रंग वाटले. बायका लाजत लाजत काढायला लागल्या. मी मागून हिंडत बघत होते, ती सवय जात नाही. शौचालय, आणि दाराला आतून कडी, ती कडी मोठी आणि लाल रंगाची. ते मंदाताईंचं चित्र. दिव्यांचे खांब. झाडं. म्हाताऱ्यांना बसायला बाक. निळंशार पाणी. एकीने तर दोन डोंगर आणि मध्ये उगवणारा सूर्य काढला, जो वर्सोव्यात आजवर कोणी पाहिलेला नाही. शाळेत सगळ्यांना तोच शिकवतात, आम्हीच शिकवतो. चित्रं छान होती. तन्वीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं.

मंदाताईंनी घरी नेऊन जेवू घातलं. ताज्या बोंबलांचं कालवण, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. बोंबील जिभेवर विरघळत होता. आमच्याकडे नदीचा मासा म्हणजे काट्यांशी कुस्ती. मी विचारलं, इतकं ताजं मिळतं तर वाळवायची एवढी खटपट कशाला?

"जून लागला की होऱ्या वर," त्या म्हणाल्या. होऱ्या म्हणजे होड्या. "समिंदर बंद. तवा काय खायाचं नि काय विकायचं? ही सुकी मासली हाय म्हनून आमचा पावसाला निघतो. मरदं होरी चालवतात, पन पावसाल्यात घर आमी बायका चालवतो, या जागेवर."

मी तिसरी भाकरी घेतली.

पुन्हा अंधेरी

त्यानंतरच्या आठवड्यात संस्थेने सादरीकरण ठेवलं. वर्सोव्याच्या किनाऱ्याच्या सुशोभीकरणाचं सरकारी काम निघालं होतं, त्याचा आराखडा लोकांच्या चित्रांवरून तयार केला होता आणि तो पास करणारे साहेब स्वतः येणार होते. कोळीवाड्यातून मंदाताई आणि आणखी काही जणी आल्या. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोलीचे गजरे. आपलं चित्र मोठ्या पडद्यावर दिसणार म्हणून खूश होत्या. गार हवेत कुडकुडत गाद्यांवर बसल्या.

पडद्यावर आधी बायकांची चित्रं आली. मंदाताईंची लाल कडी आल्यावर टाळ्या पडल्या. मग किनाऱ्याचा नकाशा आला: फरसबंद वाट, झाडं, बाक, नक्षीदार दिवे, सूर्यास्त बघायला कट्टा. बांबूंच्या जागी हिरवा चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, "सध्याची मोकळी जागा". शौचालय कुठेच नव्हतं. खूप शोधलं मी.

मंदाताईंनी माझा दंड धरला. "आमची वालवनाची जागा कुठं हाय गो यात?"

मी उठून तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

निनाद सर शांतपणे म्हणाले, "छान प्रश्न. आम्ही प्रत्येक चित्राचा बारकाईने अभ्यास केला. एकाही चित्रात वाळवणाची जागा नाही. भविष्यातल्या किनाऱ्यावर ती लोकांना दिसतच नाही. हे आमचं म्हणणं नाही, हे त्यांचं स्वप्न आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. "पण रहिवाशांना याची पूर्वकल्पना दिलेली आहे ना?"

"हो सर. कल्पनेचं पूर्ण सत्र घेतलंय. फोटो आहेत."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

मी मराठी शाळेत आयुष्य घालवलं, पण आपल्या भाषेतला एक साधा शब्द असा माणसांच्या डोक्यावरून बुलडोझरसारखा जाताना मी तोवर बघितला नव्हता. घर पाडायच्या आधी सूचना म्हणून जी कल्पना देतात तिचीच नोंद झाली होती, आणि बायकांनी बसून रंगवलेल्या कागदांवरून झाली होती. मंदाताईंना हे माझ्या आधी उमगलं.

"साहेब, थांबा जरा," त्या उभ्या राहिल्या. "कल्पना कोनी दिली? तुमी आमाला कुठं दिली? आमी तुमाला दिली ती! शौचालयाची दिली, ती तर तुमी घेतली नाय."

"मावशी, पण तुम्ही चित्रात जागा काढली नाहीत," निनाद सर म्हणाले.

"जे हाय ते कशाला काढू? ही पोरगी बोलली, ज्याची कमी हाय ते काढा. वालवनाची जागा हाय की आमाला! बापजाद्यांपासून हाय!"

तन्वीचा हात सवयीने घंटेकडे गेला. सगळ्यांनी बघितलं. तिने ती उचलली, मुठीत लोलक धरला, आणि घंटा पिशवीत टाकून चेन लावली. मग मान खाली घालून म्हणाली, "सर, मी तसंच म्हटलं होतं. ज्याची कमी आहे ते काढा. त्या बरोबर बोलतायत." निनाद सरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिची नोकरी तिथेच गेली असं मला वाटलं.

आणि मग मी बोलले. गुडघे विसरून गादीवरून कशी उठले ते माझं मला माहीत नाही. "अहो, मी जन्मभर पोरांकडून चित्रं काढून घेतली. तुला काय हवंय ते काढ म्हटलं की पोर सायकल काढतं. आई काढत नाही. म्हणून त्याला आई नको असते का? घेऊन जाणार का तुम्ही त्याची आई, चित्रात नव्हती म्हणून?" आवाज इतका चढला होता की काचेपलीकडची माणसं कामं सोडून बघायला लागली. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. माझ्या कलेचा, पोरं निरागसपणे जी काढतात त्या चित्रांचा असा फास केलेला मी सहन करणार नाही.

साहेब वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. म्हणाला, "हे बघा, भांडण नको. या मावशींना एक कागद द्या. त्यांनी पुन्हा काढावं, वाळवणाची जागा कुठे आणि किती हवी आहे ते. बसतं का बघू."

कागद आला, पेन्सिल आली. मला सुटल्यासारखं झालं. मंदाताईंनी पेन्सिलीला हात लावला नाही, म्हणून मीच ती घेतली. बांबू, दोऱ्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, दोन मिनिटांचं काम. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"नको बाई."

"अहो, काढू दे मला. नकाशात तरी येईल!"

"काढलं म्हंजे मागितलं," त्या म्हणाल्या. "मागितलं की हा म्हननार, देतो येवढीशी. नाय तर म्हननार, बसत नाय. जे आमचंच हाय ते मी याच्याकडे मागू कशाला?"

मी पेन्सिल ठेवली. मला तेव्हा त्यांचाही थोडा राग आला, हे कबूल करते. कोरा कागद दिला तर लोक म्हणतील यांना काही सांगायचंच नव्हतं. पण मनगटावरची त्यांची पकड इतकी घट्ट होती की वाद घालायची सोय नव्हती.

"साहेब," मंदाताई म्हणाल्या, "तू ये. सकाली ये. बघ, मग बोल."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि बरं म्हणाले. येतील असं मला वाटलं नव्हतं.

पुन्हा वर्सोवा

आले. बूट, पाण्याची बाटली, मागे निनाद सर आणि मोजणीची फीत धरलेली दोन माणसं. तन्वी नव्हती. मी सुलभाला घेऊन पहाटेच निघाले होते. बहिणीला म्हटलं, चल, शोभा बघायला.

बायकांनी घोषणा लिहिल्या नव्हत्या, की मोर्चा काढला नव्हता. त्यांनी मासळी घातली होती. आदल्या दिवशी आलेला सगळा माल, शेजारच्या वाडीतल्या बायकांचाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोऱ्या बोंबलांनी वाकलेल्या, खाली जवळा, करंदी, मांदेली, मध्ये चालायला वीतभर वाट आणि तीही बायकांनाच ठाऊक. सुलभाने नाकाला पदर लावला, मग काढला, आणि जवळा उलटणाऱ्या एका बाईच्या शेजारी उकिडवी बसली. थोड्या वेळाने बघते तर तीही उलटत होती.

साहेब रस्त्याच्या कडेला थांबले. एक पाय पुढे केला, मागे घेतला. दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं, तिकडेही तेच. फीतवाल्याने विचारलं, टोक कुठे धरू?

"आतून जायला वाट नाही का?" साहेबांनी विचारलं.

"मोकली जागा हाय ना?" मंदाताई दोरीआडून म्हणाल्या. "ये की."

आजूबाजूच्या बायका हसल्या नाहीत. हात चालूच होते. निनाद सर म्हणाले की मावशी, हे जरा बाजूला घेतलं असतं तर मोजणी करता आली असती. मंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. साहेब बराच वेळ उन्हात उभे राहिले, घाम पुसला, बाटलीतलं पाणी संपवलं. मग फीतवाल्यांना म्हणाले, "आज राहू दे. नंतर बघू." गाडी वळली. माझ्या तोंडून "जिंकलो!" असं निघालं आणि मी टाळी द्यायला हात पुढे केला.

मंदाताईंनी टाळी दिली नाही. "नंतर बघू, बोलला ना," त्या म्हणाल्या आणि बोंबील फिरवायला गेल्या.

मिरज

परत आल्यावर संस्थेचा निरोप आला, आमच्यासोबतचा अनुभव किती ताऱ्यांचा होता ते कळवा. मी कळवलं नाही. तन्वीचा फोन येतो अधूनमधून. नोकरी गेली नाही तिची, तिनेच सोडली. विक्रोळीला प्रज्ञाकडे रविवारी जाते म्हणाली.

आमच्या विहिरीचं म्हणाल, तर मी मंडळाला स्पष्ट सांगितलं: डोळे मिटायचे असतील तर मिटा, उद्याचं बघा, त्याने हुरूप येतो. पण आधी विहीर आहे तशी काढायची, पायऱ्या, शेवाळ, कासव, कोण पाणी नेतं, कोण धुणं धुतं, सगळं. मागच्या रविवारी सात जण आले. अण्णांनी काढलेलं कासव बटाट्यासारखं झालंय, पण आहे.

मंदाताईंशी दर आठवड्याला बोलते. फीतवाले आणखी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मासळी घातलेली होती, दोन्ही वेळा परत गेले. ऐकून मला आनंद झाला, आणि त्या आनंदात फोन ठेवणार तोच डोक्यात लख्ख झालं. साहेब मूर्ख नाही. समुद्र जूनमध्ये बंद होतो हे त्यालाही कळतं.

"मंदाताई, पावसात तुम्ही घालणार काय तिथे?" मी विचारलं. "होड्या वर असणार. दोऱ्यांवर काहीच नसणार. तेव्हा तर ती जागा खरंच मोकळी असते."

पलीकडे वारा घोंघावत होता.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "म्हनून ठरलंय आमचं. पावसाल्यात आमी बसनार. पाल्या लावल्यात, दोन दोन घरांची. दिवस-रात."

"इतके दिवस? पावसात?"

"मग काय घरात बसून डोले मिटू?"

आमच्या मंडळातून चौघी निघतोय. जूनची तिकिटं काढली आहेत, आणि मंदाताईंना सांगून आमचीही एक पाळी लावून घेतली आहे.